ऑपरेशन टेबलाभोवती उभे सगळेच, मग चुकीला जबाबदार कोण?



आजचा विषय वरवर कायद्याचा आहे, पण मी तो इतिहासाच्या बाजूनं मांडणार आहे. ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर आणा. टेबलाच्या एका बाजूला मुख्य सर्जन, समोर मदतीला दुसरा सर्जन किंवा रेसिडेंट, पेशंटच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ, हत्यारं हातात देणारी स्क्रब नर्स, शिवाय ये-जा करणारी आणखी एक नर्स. मधे पेशंट, आणि तो बेशुद्ध. चूक झाली तर ती नेमकी कुणाच्या हातून झाली, हे जाणून घेण्याची सगळ्यात जास्त गरज ज्याला असते, त्यालाच ते कधी सांगता येत नाही. मग कोर्टानं धरायचं कुणाला?

बहुतेक जण पटकन म्हणतात, 'मुख्य सर्जनला, दुसऱ्या कुणाला?' पण १९०९ पासूनचे निकाल ओळीनं वाचत गेलं की दिसतं, हे उत्तर पुन्हा पुन्हा बदललंय. आणि ते बदलण्याचं कारण बऱ्याच वेळा थिएटरच्या आत सापडत नाही. माणसं तीच, कामाची वाटणीही साधारण तीच. बदलत गेला तो बाहेरचा एक प्रश्न: हॉस्पिटलवर दावा लावता येतो की नाही? माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. मदतनीस सर्जनच्या जबाबदारीचा इतिहास समजून घ्यायचा, तर थिएटरच्या दाराबाहेर हॉस्पिटलची कायद्यातली जागा काय होती, ते आधी बघायला हवं.

लंडन, १९०९: दार बंद झालं की नोकर कुणाचे?

सुरुवात 'हिलियर विरुद्ध सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल' या खटल्यानं करू. गंमत म्हणजे यातला पेशंट स्वतः डॉक्टर होता. लंडनच्या या जुन्या धर्मादाय रुग्णालयात, पैसे न देता, भूल देऊन त्यांची तपासणी झाली. टेबलाखालून बाहेर आलेल्या गरम पाण्याच्या डब्याला एक हात लागून भाजला आणि दुसऱ्या हातावर कुणाचा तरी दाब पडून इजा झाली. पुढे हात निकामी झाले. त्यांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांवर दावा लावला आणि ते हरले.

अपील कोर्टाचा युक्तिवाद नीट बघा. रुग्णालयाची जबाबदारी काय, तर लायक माणसं नेमायची आणि योग्य साधनं पुरवायची. सल्लागार सर्जन हा काही रुग्णालयाचा नोकर नव्हे, कारण त्यानं कसं काम करायचं हे विश्वस्त त्याला सांगू शकत नाहीत. राहिल्या नर्स आणि पेशंटला उचलून नेणारी माणसं. ती एरवी रुग्णालयाची नोकर खरी, पण थिएटरचं दार बंद झालं की ती सर्जनच्या हुकुमाखाली जातात. तेवढ्या वेळापुरती ती रुग्णालयाची नोकर राहत नाहीत.

म्हणजे मदतनीस हा 'उसना नोकर' ठरला. पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा. शब्द साधा आहे, पण पुढची निदान चाळीस वर्षं अनेक निकाल याच कल्पनेभोवती फिरत राहिले. पेशंटच्या बाजूनं बघितलं तर अर्थ सरळ होता: हात गेले आणि भरपाई कुणाकडूनच मिळाली नाही.

पोटात राहिलेला स्वॅब

ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जे कापडी बोळे वापरतात, ते म्हणजे स्वॅब. पोट शिवण्याआधी ते मोजायचे असतात. मोजते नर्स, ठेवतो आणि काढतो सर्जन. कामाची अशी वाटणी असेल तर चूक कुणाच्या खात्यावर मांडायची?

हा प्रश्न 'महोन विरुद्ध ऑसबॉर्न' या इंग्लंडमधल्या खटल्यात आला (१९३९). फुटलेल्या अल्सरचं तातडीचं ऑपरेशन झालं, पोटात स्वॅब राहिला आणि काही महिन्यांनी तरुण पेशंट दगावला. सर्जनचं म्हणणं होतं की नर्सनं मोजणी बरोबर आहे असं सांगितलं होतं. ज्यूरीनं सर्जनला दोषी धरलं आणि नर्सला सोडलं. अपील कोर्टाच्या बहुमतानं मात्र खटला पुन्हा चालवायला सांगितला. त्यांच्या मते सर्जननं अमुक पद्धतीनंच शोधाशोध केली पाहिजे असा कायद्याचा ठोकळेबाज नियम नाही. तातडी किती होती, अशा वेळी डॉक्टर लोक प्रत्यक्षात काय करतात, याचा तज्ज्ञांचा पुरावा हवा.

तिसरे न्यायाधीश गॉडार्ड यांनी वेगळं मत दिलं. त्यांचा सूर असा की, स्वॅब आत घालणारा हात सर्जनचा आहे, तेव्हा मोजणी नर्सवर सोपवून तो पूर्ण मोकळा होऊ शकत नाही. बहुमत आणि वेगळं मत, दोन्ही वाचा. मदतनिसावर विश्वास ठेवायची मुभा किती आणि तो विश्वास कुठे बेफिकिरी होतो, हा वाद आजही याच दोन टोकांमध्ये चालतो.

अमेरिका: गप्प बसलेली टीम आणि जहाजाचा कप्तान

आता अटलांटिक ओलांडू. कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये एका माणसाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा उजवा खांदा दुखत होता, आणि पुढे खांद्याचे स्नायू लुळे पडून सुकत गेले. पोटाच्या ऑपरेशनमध्ये खांद्याला इजा कशी झाली? टीममधल्या कुणीच सांगेना. 'यबारा विरुद्ध स्पॅनगार्ड' या खटल्यात १९४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं धाडसी पाऊल उचललं. पेशंट बेशुद्ध असताना तो ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात होता, त्या प्रत्येकानं आपल्या वागण्याचा खुलासा करावा, असं कोर्ट म्हणालं.

इथे एक लॅटिन सूत्र कामी आलं, 'रेस इप्सा लोक्विटर', म्हणजे घडलेली गोष्ट स्वतःच बोलते. एरवी हे सूत्र लावताना प्रतिवादी एकच असतो आणि वस्तू त्याच्याच ताब्यात असते. इथे ते अख्ख्या टीमला लावलं गेलं: सर्जन, भूल देणारे, नर्स, सगळ्यांना. खटला पुन्हा चालला, निकाल पेशंटच्या बाजूनं गेला आणि १९४९ मध्ये तो अपिलातही टिकला.

त्याच १९४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात 'मॅककॉनेल विरुद्ध विल्यम्स' हा निकाल आला. त्या काळी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचं सौम्य द्रावण घालत, कारण जन्मताना होणाऱ्या संसर्गानं दृष्टी जायची भीती असे. बाळंतपण करणारे डॉक्टर आईकडे बघत होते आणि बाळ त्यांनी इंटर्नकडे सोपवलं. इंटर्ननं द्रावण जास्त घातलं. बाळाचा एक डोळा गेला. इंटर्न हॉस्पिटलच्या नोकरीत होता. मग त्याच्या चुकीसाठी डॉक्टर का जबाबदार?

कोर्ट म्हणालं, ऑपरेशन चालू असेपर्यंत सर्जनचा खोलीतल्या माणसांवर जहाजाच्या कप्तानासारखा ताबा असू शकतो. इंटर्न तेवढ्यापुरता सर्जनचा नोकर होता का, हे ज्यूरीनं ठरवावं. हाच पुढे गाजलेला 'कप्तानाचा नियम'.

आता माझा मुख्य मुद्दा. हा नियम सर्जनची सत्ता बघून सुचला, असं समजणं सोपं आहे. पण त्या काळात पेनसिल्व्हेनियात धर्मादाय हॉस्पिटलवर निष्काळजीपणाचा दावा लावताच येत नसे. ते कायद्यानं सुरक्षित होतं. मग उरले दोघं: शिकाऊ, खिशात फारसे पैसे नसलेला इंटर्न आणि सर्जन. सर्जनलाही सोडलं तर ऑपरेशनमधल्या टाळता येण्यासारख्या इजांना दादच मिळणार नाही, अशा अर्थाचं कोर्टानं निकालातच म्हटलंय. म्हणजे कप्तान हवा होता, कारण जहाजाच्या मालकापर्यंत पोचता येत नव्हतं.

हा अंदाज तपासायचा कसा? सायन्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एक व्हेरिएबल बदलून बघायचं. पेनसिल्व्हेनियातच १९६५ मध्ये 'फ्लॅजिएलो' खटल्यात हॉस्पिटलचं हे संरक्षण रद्द झालं. १९७४ मध्ये 'टॉन्सिक विरुद्ध वॅग्नर' खटला आला. पोटात चिमटा राहिला होता, हत्यारं मोजली गेली नव्हती. या वेळी कोर्ट म्हणालं, थिएटरमध्ये सर्जनचा ताबा असला तरी हॉस्पिटलही आपल्या माणसांच्या चुकीला जबाबदार धरता येतं. टेक्सासनं १९७७ मध्ये 'स्पार्जर' खटल्यात कप्तानाचा नियमच नाकारला. सर्जनला वेगळा नियम कशाला, नोकर-मालकाचे नेहमीचे नियम लावा, अशी त्यांची भूमिका.

अंदाज बऱ्यापैकी जुळतो, पण पूर्ण नाही. कोलोरॅडोसारख्या राज्यात हा नियम पुढेही टिकून राहिला. जन्माचं कारण संपलं तरी नियम सवयीनं जगू शकतो. तुमच्या सिद्धांतात न बसणारं उदाहरण सापडलं तर ते तळटीपेत ढकलू नका, मजकुरात आणा. व्हायव्हाला परीक्षक तेच विचारतात!

इंग्लंड: मालक दारात उभा राहतो

इंग्लंडमध्ये वाट वेगळी गेली. १९४२ च्या 'गोल्ड' खटल्यात एक्स-रे विभागातल्या कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी हॉस्पिटल चालवणाऱ्या कौन्सिलला जबाबदार धरलं गेलं. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि बहुतेक हॉस्पिटलं सरकारकडे आली. १९५१ मध्ये 'कॅसिडी विरुद्ध आरोग्य मंत्रालय' हा निकाल लागला. हाताची दोन बोटं आखडलेला माणूस ऑपरेशनला गेला, आणि शेवटी त्याचा हातच निकामी झाला. ऑपरेशन करणारे डॉक्टर, हाउस सर्जन, नर्स, यांतलं नेमकं कोण चुकलं हे त्याला दाखवता आलं नाही, म्हणून खालच्या कोर्टात तो हरला. अपील कोर्टानं निकाल फिरवला. हे सगळे ज्यांनी कामाला लावले त्यांनी खुलासा करावा; एकेकाकडे बोट दाखवायची सक्ती पेशंटवर नाही. १९०९ मध्ये बंद झालेलं दार इथे उघडलं.

पुढच्याच वर्षीचा 'जोन्स विरुद्ध मँचेस्टर कॉर्पोरेशन' हा निकाल ज्युनियर डॉक्टरांनी जरूर वाचावा. चेहरा भाजलेल्या माणसाला, पास होऊन जेमतेम पाच महिने झालेल्या डॉक्टरनं भूल दिली. आधी गॅस दिलेला होता, त्यावर पेंटोथॉल दिलं गेलं आणि माणूस दगावला. भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलचं म्हणणं, चूक डॉक्टरची, तेव्हा पूर्ण पैसे त्यांच्याकडून मिळावेत. कोर्टानं बहुमतानं ते मानलं नाही. ८० टक्के भार हॉस्पिटलवर, २० टक्के डॉक्टरवर. अननुभवी माणसाला झेपणार नाही अशा जागी उभं करायचं आणि मग हात झटकायचे, हे चालणार नाही, हा त्याचा अर्थ. पण ते २० टक्केही विसरू नका. 'मी नवीन होते' एवढ्यानं सुटका झाली नाही.

'नवीन' असण्याचा प्रश्न 'विल्शर' खटल्यात आणखी स्पष्ट झाला. तो ऑपरेशनचा नव्हता, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचा होता, पण त्यातलं तत्त्व इथेही लागू पडतं. कनिष्ठ डॉक्टरनं नळी रोहिणीऐवजी नीलेत घातली, त्यामुळे ऑक्सिजनची मोजणी चुकली. अपील कोर्ट १९८६ मध्ये म्हणालं, अपेक्षा माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही, त्या पदावरून ठरते. पण कनिष्ठाला एक सुरक्षित वाटही दाखवली: शंका आली तर वरिष्ठाला विचारा. त्यानं विचारलं होतं, म्हणून तो सुटला. वरिष्ठ मात्र तपासूनही तीच चूक करून बसले होते. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं कारणाच्या मुद्द्यावर हा खटला परत पाठवला, कारण बाळाच्या अंधत्वाची अनेक कारणं संभवत होती. चूक सिद्ध होणं वेगळं आणि त्या चुकीनंच इजा झाली हे सिद्ध होणं वेगळं.

पुणे १९५३, औरंगाबाद १९६३

आता आपल्याकडे. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला समुद्रकिनारी एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. वडील स्वतः डॉक्टर. ९ मे रोजी हाड बसवण्याचे उपचार झाले आणि त्याच रात्री मुलगा गेला. पुरेशी भूल न देता, तीन माणसांच्या मदतीनं जोर लावून पाय ओढला गेला आणि त्या धक्क्यानं मृत्यू आला, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये कायम ठेवला. भरपाई ३,००० रुपये.

हा निकाल डॉक्टरांच्या कर्तव्यासाठी उद्धृत करतात. मी तुम्हाला त्यातली मागे उभी असलेली माणसं बघायला सांगते. मुख्य डॉक्टरांनी सहायक डॉक्टरला तासाच्या अंतरानं मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायला सांगितलं होतं, त्यानं एकच दिलं. पाय ओढणारे हातही इतरांचे. दावा मात्र मुख्य डॉक्टरांवर. 'कप्तान' हा शब्द न वापरताही आपल्या कोर्टासमोर चित्र तेच होतं: खासगी हॉस्पिटल, मालक आणि सर्जन एकच, तेव्हा मदतनिसांची वेगळी जबाबदारी शोधायची गरजच पडली नाही.

सरकारी दवाखान्यात गोष्ट बदलते. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा औरंगाबादचा खटला. जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात मॉप राहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडून तो काढला, पण काही दिवसांत ती गेली. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते फिरवलं. सरकारी दवाखान्यातल्या चुकीसाठी सरकार जबाबदार नाही, असं तिथं धरलं गेलं. आपल्याकडच्या या संरक्षणाची आठवण पेनसिल्व्हेनिया वाचताना व्हायलाच हवी.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९६ मध्ये. दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम नव्हे, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार. पहिलं ऑपरेशन की दुसरं, हा वादही कोर्टानं बाजूला सारला: पहिल्या वेळी मॉप राहिला नसता तर दुसरं ऑपरेशन लागलंच नसतं. घटनेनंतर जवळपास तेहेतीस वर्षांनी. ज्या बाळाच्या जन्मानंतर हे घडलं, ते तोवर बत्तीस वर्षांचं झालं असणार.

२००४ मध्ये 'सविता गर्ग' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा अडसरही काढला. उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि नर्सला प्रतिवादी केलं नाही, म्हणून तक्रार फेटाळता येणार नाही. काळजी घेतली होती, हे हॉस्पिटलनं दाखवावं.

मग मदतनीस सुटला का?

नाही. इथेच वाचकांची गल्लत होते. कप्तानाचा नियम असो की हॉस्पिटलची जबाबदारी, दोन्ही 'आणखी कुणाकडून भरपाई मिळू शकते' याचं उत्तर देतात. ज्याच्या हातून चूक झाली त्याची स्वतःची जबाबदारी त्यानं पुसली जात नाही. आणि फौजदारी बाजू तर वर सरकतच नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, गंभीर निष्काळजीपणा हवा असं ठरवलं, पण तो ज्याचा त्याचा. त्या बाबतीत सर्जनच्या मागे लपता येत नाही, आणि नुसता प्रमुख होता म्हणून सर्जनलाही दुसऱ्याच्या हातासाठी गुन्हेगार ठरवता येत नाही.

या सगळ्यात खरी पणाला लागते ती बोलायची सवय. सगळं वरच्याच्या डोक्यावर आहे असं वाटलं, तर मोजणी चुकतेय हे दिसूनही रेसिडेंट गप्प बसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चेकलिस्टच्या अभ्यासात, दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या चेकलिस्टमध्ये टीममधल्या प्रत्येकानं नाव आणि काम सांगायचं असतं, आणि शेवटी मोजणी मोठ्यानं बोलायची असते. कायद्यानं शंभर वर्षं विचारलेला 'तू कोण आणि तुझं काम काय' हा प्रश्न इथे भूल उतरायच्या आत विचारला जातो.

संशोधनाला निघालेल्यांसाठी तीन गोष्टी

पहिली: निकाल वाचताना प्रतिवादींची यादी आधी लिहा, आणि शेजारी खोलीत हजर असूनही यादीत नसलेल्यांची. दुसरी यादी बहुतेक वेळा जास्त बोलते.

दुसरी: पैसे शेवटी कुणी दिले आणि कुणाला देता आले नसते, ते शोधा. तत्त्वाची भाषा निकालात असतेच, पण तिच्यामागची अडचण बऱ्याचदा या ओळीत सापडते.

तिसरी: छापून आलेले निकाल म्हणजे सगळ्या चुका नव्हेत. आपल्यापर्यंत पोचतात ती अपिलापर्यंत लढलेली माणसं. ज्यांच्याकडे तेहेतीस वर्षं थांबायची ताकद नव्हती, ती या इतिहासात नाहीत. तुमच्या प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे वाक्य जरूर लिहा, आणि शक्य झालं तर जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन त्यांना शोधा. काम धुळीचं आहे, पण तिथे अजून फारसं कुणी पोचलेलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या लेखात 'संमतीपत्रावर सही कुणाची' हा विषय घेऊ.